नभोवाणी-अधिकारी बा. सी. मर्ढेकर : ध्वनी, अर्थ आणि एक कारकीर्द

१. प्रश्नाचे स्वरूप

बाळ सीताराम मर्ढेकर हे नाव उच्चारले की अभ्यासकाच्या मनात दोन गोष्टी उभ्या राहतात : मराठी नवकविता आणि मराठी सौंदर्यशास्त्र. या दोहोंवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. मात्र आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे ज्या कामावर त्यांनी उपजीविका केली, त्या नभोवाणीच्या नोकरीचा उल्लेख चरित्रपर परिच्छेदात एका वाक्यात येतो आणि तेथेच संपतो. कवीची नोकरी ही कवितेच्या दृष्टीने आगंतुक बाब होय, असे आपण जवळजवळ गृहीत धरले आहे.

हे गृहीत तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कचेरीत खर्डेघाशी करून घरी कविता लिहिणारे कवी पुष्कळ झाले. मर्ढेकरांची कचेरी निराळी होती. तेथील कच्चा माल भाषा हाच होता, आणि तोही केवळ कानांनी ग्रहण करावयाच्या रूपात. ऐकणाऱ्यापर्यंत शब्दातील नेमके काय पोहोचते, त्याचा नाद की त्याचा अर्थ, हा प्रश्न त्या कचेरीत रोज उपस्थित होत असे. मर्ढेकरांच्या साहित्यविचाराच्या केंद्रस्थानीही तोच प्रश्न आहे. या दोन गोष्टींचा संबंध काय, याचा विचार करताना प्रथम कारकीर्द, नंतर त्या कामाचे भाषिक स्वरूप आणि शेवटी त्यांचा सिद्धान्त, असा क्रम ठेवला आहे.

२. नभोवाणीपर्यंतचा प्रवास

मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील मर्ढे; त्यावरूनच हे आडनाव आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९२९ मध्ये ते आय. सी. एस. परीक्षेच्या तयारीसाठी इंग्लंडला गेले. परीक्षेत यश आले नाही. परंतु तेथील वास्तव्यात युरोपीय कला आणि तत्त्वचिंतन यांचा जो परिचय झाला, तो १९३७ मध्ये ‘आर्ट्‌स अँड मॅन’ या इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने प्रकट झाला. परत आल्यावर काही काळ त्यांनी महाविद्यालयांत इंग्रजीचे अध्यापन केले आणि १९३८ मध्ये ते नभोवाणीच्या सेवेत रुजू झाले.

ही संस्था त्या वेळी अगदी कोवळ्या वयाची होती. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ या खासगी कंपनीने सुरू केले. तीन वर्षांच्या आतच कंपनीचे दिवाळे निघाले आणि एप्रिल १९३० मध्ये सरकारने ते काम हाती घेतले. १९३५ मध्ये बी. बी. सी.मधून लायोनेल फील्डन हे नियंत्रक म्हणून आले आणि ८ जून १९३६ रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ करण्यात आले. फील्डन आणि त्यांच्यानंतरचे महासंचालक अहमद शाह बुखारी या दोघांच्या काळात विद्यापीठांतून बाहेर पडलेली, वाङ्मयाची आवड असलेली माणसे या खात्यात येऊ लागली. बुखारी हे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक आणि ‘पतरस’ या नावाने लिहिणारे उर्दू विनोदकार होते. दिल्ली केंद्रावर सआदत हसन मंटो, कृष्ण चंदर, उपेंद्रनाथ अश्क यांच्यासारखे लेखक काही काळ काम करीत होते. परीक्षेने ज्यांना प्रशासनात प्रवेश नाकारला, त्या मर्ढेकरांना या नव्या खात्याने अशा वातावरणात आत घेतले.

पुढील काळात त्यांच्या बदल्या महाराष्ट्राबाहेरील केंद्रांवरही झाल्या. अखेरीस ते दिल्लीस होते आणि तेथेच २० मार्च १९५६ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा त्यांचा ग्रंथ १९५५ चा. त्याला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

या तारखांशेजारी वाङ्मयाच्या तारखा मांडून पाहाव्यात. ‘शिशिरागम’ १९३९ चा, म्हणजे नोकरीच्या अगदी प्रारंभीचा. त्याचा सूर हळवा, रविकिरण मंडळाच्या वळणाचा. ‘वाङ्मयीन महात्मता’ १९४१, ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी १९४२, ‘तांबडी माती’ १९४३, सौंदर्यशास्त्रावरील इंग्रजी व्याख्यानद्वय आणि ‘कर्ण’ ही संगीतिका १९४४, ‘काही कविता’ १९४७, ‘पाणी’ ही कादंबरी १९४८, ‘आणखी काही कविता’ १९५१. ‘शिशिरागम’चा कवी आणि ‘काही कविता’चा कवी या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते सर्वच्या सर्व नभोवाणीच्या वर्षांत काटले गेले. महायुद्ध, टंचाई आणि महानगरातील यांत्रिक जीवन ही या परिवर्तनाची मुख्य कारणे होत, यात शंका नाही. परंतु ज्या खोलीत बसून हे जग त्यांनी ऐकले आणि ऐकविले, ती खोलीही या यादीत असावयास हवी.

३. अधिकाऱ्याचे काम

केंद्रावरील कार्यक्रम-अधिकाऱ्याचे काम बाहेरून दिसते तितके सुखाचे नव्हते. व्याख्याते शोधणे, त्यांना विषय व वेळ देणे, संहिता आधी मागवून तपासणे, ती ठरलेल्या मिनिटांत बसविणे, गायक-वादकांचे वेळापत्रक सांभाळणे, करारपत्रे पाठविणे आणि प्रक्षेपणाच्या वेळी काही चुकल्यास उत्तर देणे, ही सर्व कामे त्याच्याकडे असत. त्या काळी बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ध्वनिफितीचा सार्वत्रिक उपयोग नंतरचा. त्यामुळे उच्चारलेला शब्द मागे घेता येत नसे. मुंबई केंद्रावर मराठीबरोबरच गुजराती, कन्नड, हिंदुस्थानी आणि इंग्रजी यांचाही राबता होता. एकाच दिवसात पाच भाषांच्या संहिता एकाच इमारतीत वाचल्या जात.

याखेरीज हे खाते सरकारचे होते. महायुद्धाच्या काळात नभोवाणी हे युद्धप्रचाराचे साधन बनले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये याच मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवू लागले; नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. एकाच शहराच्या आकाशात दोन आवाज होते : एक पगारी आणि परवान्याचा, दुसरा पकडल्यास तुरुंगात नेणारा. अशा वेळी सरकारी नभोवाणीत काम करणाऱ्या विचारी माणसाला शब्द आणि सत्य यांच्यातील फटीची जाणीव न होणे अशक्य होते. मर्ढेकरांच्या पुढील कवितेत सार्वजनिक घोषणा, जाहिरात, प्रार्थना आणि बातमी यांच्या भाषेविषयी जो तीव्र उपरोध आढळतो, त्याची पार्श्वभूमी शोधताना हा अनुभव वगळून चालणार नाही.

या कारकिर्दीतील सर्वांत कठीण प्रसंग ‘काही कविता’नंतर आला. त्या संग्रहावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. शेवटी ते निर्दोष सुटले. पण मधल्या काळाचे ओझे साधे नव्हते. इतरांच्या संहितेतील औचित्य तपासणे हा ज्याच्या कामाचा भाग, त्याच्याच शब्दांचे औचित्य न्यायालयात तपासले जात होते. दिल्ली केंद्रावर काम केलेल्या मंटोंनाही अशाच आरोपांना वारंवार तोंड द्यावे लागले, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. तथापि एक गोष्ट उरते. शब्द घराघरांत कसा पोहोचतो हे ज्यांना धंद्याने ठाऊक होते, तेच लेखक छापील शब्दाच्या बाबतीत तडजोड करावयास तयार नव्हते. मर्ढेकरांनी त्यानंतरही लिहिणे सोडले नाही आणि नोकरीही सोडली नाही.

४. ऐकू येणारी मराठी

आता या कामाच्या भाषिक बाजूकडे वळू. लेखी मराठी आणि उच्चारित मराठी यांच्यातील अंतर व्याकरणाच्या वर्गात आपण शिकवितो. पण ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या माणसाला ते हरघडी भोवते. हे अंतर तीन प्रकारचे आहे.

पहिला प्रकार : डोळ्यांना जो भेद दिसतो तो कानांना ऐकू येत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत लेखनभेद आहे. परंतु मराठीत अकारान्त शब्दाच्या उपान्त्य इकार-उकाराचा उच्चार दीर्घ होत असल्यामुळे श्रोत्याला दोन्ही शब्द एकच वाटतात. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे सारथी, ही जोडी तशीच. कर्णाच्या कथेत या दोन शब्दांवर केवढा भार आहे हे सांगावयास नको. कागदावर एका वेलांटीने किंवा उकाराने भागणारे काम नभोनाट्यात संदर्भाने, पर्यायी शब्दाने किंवा वाक्यरचनेने करावे लागते.

दुसरा प्रकार याच्या उलट : कानांना जो भेद ऐकू येतो तो लिपी दाखवीत नाही. जगणे या क्रियापदातील ‘जग’ आणि विश्व या अर्थाचा ‘जग’ हे एकसारखेच लिहिले जातात. उच्चारात पहिल्यातील ज दन्त्य, दुसऱ्यातील तालव्य. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च-कारांचेही तसेच. संहिता हाती घेऊन वाचणारा निवेदक परभाषी असेल, किंवा मराठीच असूनही घाईत असेल, तर लिपी त्याला मदत करीत नाही. त्याला अर्थ आधी कळलेला असावा लागतो, तरच उच्चार बरोबर येतो.

तिसरा प्रकार : जे लिहिले जाते पण उच्चारलेच जात नाही. मर्ढेकरांच्या सबंध हयातीत ‘गेलें’, ‘कोठें’, ‘नांव’, ‘पांच’ अशा रूपांवर अनुस्वार दिले जात होते. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. तोवर नभोवाणीची संहिता लिहिणारा प्रत्येक मनुष्य असे अनेक बिंदू लिहीत होता, जे ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गळून पडत.

याच्या जोडीला परिभाषेचा प्रश्न होता. नव्या माध्यमाला नवे शब्द हवे होते. ‘नभस्’ आणि ‘वाणी’ यांच्या संधीने ‘नभोवाणी’ झाला. त्याच साच्यावर ‘नभोनाट्य’ आले. संस्कृत नाट्यशास्त्रातील ‘नाटिका’ या शब्दाच्या धर्तीवर ‘श्रुतिका’ आणि ‘संगीतिका’ हे शब्द रुळले. ‘आकाशवाणी’ हे नाव १९३५ मध्ये म्हैसूर येथे एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सुरू केलेल्या केंद्राने वापरले होते. १९५६-५७ च्या सुमारास ते अखिल भारतीय संस्थेचे अधिकृत नाव झाले. या दोन शब्दांतील छटाभेद मोठा मनोरंजक आहे. ‘नभोवाणी’ हा घडविलेला, म्हणून तटस्थ शब्द आहे. ‘आकाशवाणी’मागे मात्र पुराणांचा पडदा आहे : कंसाने ऐकलेली, वक्ता न दिसणारी आणि खोटी न ठरणारी ती वाणी. सरकारी प्रक्षेपणाने असे नाव धारण करावे यात जो दावा अनुस्यूत आहे, तो उपरोधाचे अंग असलेल्या कवीच्या नजरेतून सुटण्यासारखा नव्हता. परंतु ते नाव सर्वत्र रूढ झाले तेव्हा मर्ढेकर हयात नव्हते.

५. संगीतिकांचा प्रयोग

नभोवाणीचा मर्ढेकरांच्या लेखनाशी असलेला सर्वांत उघड संबंध म्हणजे त्यांच्या चार संगीतिका : ‘कर्ण’ (१९४४), ‘संगम’ (१९४५), ‘औक्षण’ (१९४६) आणि ‘बदकांचे गुपित’ (१९४७). महाभारतापासून घरगुती विधीपर्यंत आणि तेथून बदकांपर्यंतचा हा पल्ला शीर्षकांवरूनही लक्षात येतो.

संगीतिका आणि संगीत नाटक यांतील फरक येथे स्पष्ट केला पाहिजे. १८८० च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून मराठी संगीत नाटकात गद्य संवाद आणि पदे एकाआड एक येत राहिली. प्रसंग गद्याने पुढे सरकतो आणि भावना पदात विसावते. पद संपले की कथानक थांबले होते तेथून पुन्हा सुरू होते. संगीतिकेत असे विसाव्याचे ठिकाण नाही. संवादच गेय असल्यामुळे कथा आणि भावना एकाच प्रवाहात चालतात. रंगभूमीवर पात्र ओळखू येते ते वेशाने आणि चेहऱ्याने. नभोवाणीवर ते केवळ स्वराने, लयीने आणि शब्दांच्या निवडीने ओळखावे लागते. म्हणजे भाषेच्या रचनेवरच नेपथ्याचा आणि अभिनयाचाही भार पडतो. एका पात्राचे वाक्य तुटक, दुसऱ्याचे लांब. एकाचा छंद ओवीकडे झुकणारा, दुसऱ्याचा मात्रावृत्ताकडे, अशी वाटणी हाच तेथील देखावा.

हा प्रयोग मराठीत खोलवर रुजला नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्याची तुलना पुणे केंद्रावरील ‘गीतरामायणा’शी करण्यासारखी आहे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेथील अधिकारी सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून, ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांनी आणि सुधीर फडके यांच्या संगीताने साकारलेली छप्पन गीते १ एप्रिल १९५५ पासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत प्रक्षेपित झाली आणि घरोघरी पोहोचली. दोन्ही प्रयोग नभोवाणीच्या अधिकाऱ्यांचे, दोन्ही पौराणिक कथेला हात घालणारे आणि दोन्ही केवळ कानांसाठी रचलेले. तरी एक सर्वतोमुखी झाला आणि दुसरा अभ्यासकांपुरता उरला. माझ्या मते कारण गुणवत्तेत शोधण्यापेक्षा श्रवणाच्या सवयीत शोधावे. ‘गीतरामायण’ हे आख्यान आहे. एकेक प्रसंग, एकेक गीत, ध्रुपदाची पुनरावृत्ती. कीर्तनाने घडविलेल्या कानाला ही रचना आधीपासून ठाऊक होती. संगीतिकेचा साचा युरोपीय ऑपेराचा. तो ऐकण्याची तालीम मराठी श्रोत्याला मिळालेली नव्हती. नवे माध्यम आले म्हणून ऐकण्याची जुनी रीत एकदम बदलत नाही, हा यातील बोध होय.

६. ध्वनी की अर्थ?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्राचा गाभा ‘लय’ हा आहे. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी कोणत्याही कलाकृतीची संघटना होते. प्रत्येक कलेचे माध्यम निराळे : संगीताचे स्वर, चित्राचे रंग व रेषा. मग साहित्याचे माध्यम कोणते? शब्दाचा नाद, असे उत्तर नभोवाणीच्या अधिकाऱ्याकडून अपेक्षावे. मर्ढेकरांचे उत्तर नेमके उलट आहे. साहित्याचे माध्यम ध्वनी नव्हे, तर शब्दांचे भावनात्मक अर्थ होत. नादाची लय ही साहित्यात गौण. खरी लय अर्थांची, भावनांची.

वरवर पाहता ही मोठी विसंगती वाटते. ज्याचा दिवस ध्वनीच्या व्यवस्थेत जातो, तोच ध्वनीला साहित्याच्या गाभ्यातून बाहेर काढतो. या विसंगतीचा उलगडा दोन प्रकारे करता येईल. सिद्धान्त आणि नोकरी यांचा काही संबंध नाही, असे म्हणणे हा पहिला. त्याला आधारही आहे : सौंदर्यविचाराची मूळ बैठक १९३७ च्या ग्रंथात, म्हणजे नोकरीपूर्वी, सिद्ध झालेली होती. परंतु साहित्याच्या माध्यमाची विशेष चर्चा १९४१ ते १९४४ या वर्षांतील, म्हणजे नभोवाणीच्या ऐन धामधुमीतील आहे. म्हणून दुसरा उलगडा मला अधिक समाधानकारक वाटतो.

नभोवाणीत ध्वनी हे वाहन आहे. उच्चारताक्षणी ते नष्ट होते. कागदाप्रमाणे मागे वळून पाहण्याची सोय श्रोत्याला नसते. श्रोत्यापाशी जे शिल्लक राहते ते नाद नव्हे, तर नादाने जागा केलेला अर्थ आणि त्या अर्थाला बिलगलेली भावना. ‘सुत’ आणि ‘सूत’ यांचा ध्वनी एक असूनही श्रोता गोंधळत नाही, कारण तो ध्वनी ऐकत नसतो, वाक्य ऐकत असतो. ‘जग’ हा शब्द नीट उच्चारता येण्यासाठीसुद्धा आधी अर्थ कळावा लागतो. ध्वनीच्या मर्यादा ज्याने रोज पाहिल्या, त्यानेच ध्वनीला माध्यमाचे पद नाकारावे, यात विसंगती नाही. उलट अनुभवाची साक्ष आहे. नभोवाणीमुळे मर्ढेकरांना सिद्धान्त सुचला, असा माझा दावा नाही. त्या सिद्धान्ताची दैनंदिन कसोटी त्यांना तेथे मिळाली, एवढेच मी म्हणतो.

त्यांची कविता या म्हणण्याला आणखी एक बळकटी देते. यंत्रयुगाची प्रतिमासृष्टी मांडताना त्यांनी ओवी आणि अभंग हे संतांचे छंद हाती घेतले. हे छंद मुळात कानांचे. श्रोत्याला त्यांची चाल परिचित. परिचित चाल आणि अपरिचित अर्थ यांचा विरोध हीच त्या कवितेची लय होय. येथे नाद आहे, भरपूर आहे. पण तो अर्थाला विरोध पुरविण्यासाठी आहे. ‘रात्रीचा दिवस’मधील संज्ञाप्रवाहही असाच : बोलणारा दिसत नाही, केवळ मनातील बोल ओळीने येत राहतात आणि ते कोणाचे, कोणत्या क्षणाचे हे वाचकाने अर्थावरून जुळवावयाचे असते. त्या तंत्राचे उगमस्थान युरोपीय कादंबरीत आहे. मात्र नभोनाट्याच्या श्रोत्याची स्थितीही याहून फार निराळी नसते.

७. समारोप

१९५६ च्या आरंभी पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग सुरू झाला. सुमारे दीडशे गावांत माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले. गिरगावातील श्रोता आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजारसारख्या पर्जन्यछायेतील गावचा श्रोता यांची मराठी एक नव्हे. दोघांनाही कळेल आणि दोघांनाही परकी वाटणार नाही अशी भाषा घडविणे हे त्यापुढील पिढीचे काम ठरले. व्यंकटेश माडगूळकर १९५५ मध्ये पुणे केंद्रावर आले ते याच ग्रामीण विभागात. प्रयोग चालू असतानाच मर्ढेकर दिल्लीस निवर्तले. साहित्यिकांनी नभोवाणीच्या नोकरीत येण्याची जी वाट पुढे रुंद झाली, तिच्यावरून चालणाऱ्या पहिल्या मोजक्या मराठी माणसांपैकी ते एक होते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातून एक कार्यक्षेत्र सुचविता येईल. विसाव्या शतकातील मराठी गद्याचा अभ्यास आपण ग्रंथ आणि नियतकालिके यांच्या आधारे करतो. परंतु १९२७ पासून मराठीचा एक मोठा प्रवाह छापलाच गेला नाही; तो बोलला गेला, ऐकला गेला आणि विरून गेला. त्यातील जे टिकले आहे, म्हणजे संहिता, ध्वनिमुद्रणे, कार्यक्रमपत्रिका आणि ज्यांनी ते ऐकले त्यांच्या आठवणी, ते दिवसेंदिवस कमी होत आहे. वाक्याची लांबी, तत्सम शब्दांचे प्रमाण, प्रमाण आणि प्रादेशिक उच्चार यांची देवघेव हे सर्व तेथे तपासता येईल. ज्या खोल्यांत ही मराठी घडली, त्यांपैकी एकीत मर्ढेकर अधिकारी म्हणून बसले होते. त्यांच्या कवितेचा अभ्यास करणाऱ्याने त्या खोलीचे दार एकदा उघडून पाहावे.